हवेचा डबा आणि लाटेचा हिशोब

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीत ड्रॉइंग घेऊन गेलं की धातूचं जवळजवळ काहीही करून मिळतं. त्यामुळे रेसिंगचं वेड असलेल्या इथल्या पोरांना इनटेक प्लेनम स्वतः बनवायचा मोह होणारच. थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) आणि सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या, म्हणजे रनर, यांच्यामधला हा हवेचा डबा. ॲल्युमिनियमची शीट वाकवली, टिग वेल्डिंग मारलं, झालं! पण डबा मोठा केला की ताकद वाढते हा समज काही खरा नाही. इंजिनाचा स्वभाव ठरतो तो नळ्यांच्या लांबीवर.

६००० आरपीएमला पिस्टनचा ओढीचा स्ट्रोक ५ मिलिसेकंदांत उरकतो. व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन खाली जातो, पोर्टमधला (व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या वाटेतला) दाब पडतो आणि कमी दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगानं नळीतून प्लेनमकडे उलटी धावते. नळीचं तोंड डब्यात जिथे मोकळं होतं तिथून ती परावर्तित होते, आणि होताना चिन्ह बदलते: जाते कमी दाबाची, परतते जास्त दाबाची. व्हॉल्व्ह मिटायच्या आत ती पोचली, तर पिस्टन वर यायला लागलेला असतानाही थोडी जादा हवा आत रेटते. टर्बो न लावता मिळालेली ही फुकटची हवा.

आता हिशोब. ओढ सर्वांत जास्त असते ती टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोचल्यानंतर, क्रँकशाफ्ट साधारण ७५ अंश फिरल्यावर. लाट परत हवी त्यानंतर सुमारे १०० अंशांनी. ६००० आरपीएमला १०० अंश म्हणजे २.८ मिलिसेकंद. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर तेवढ्यात लाट ९६ सेंटिमीटर जाते. हे जाऊन-येऊन झालं, म्हणून व्हॉल्व्हपासून डब्यापर्यंत ४८ सेंटिमीटर. सिलिंडर हेडमधला पोर्टही त्यातच मोजायचा. हाच फायदा ३००० ला हवा असेल तर नळी दुप्पट, जवळजवळ एक मीटर! बॉनेटखाली एवढी जागा कुठली? म्हणून कंपन्या रनर गुंडाळून बसवतात किंवा लाटेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीवर भागवतात, जिचा जोर कमी असतो. आखूड नळ्यांनी वरच्या आरपीएमला मजा येते, पण खालचा पिकअप जातो. रंकाळ्याला चक्कर मारणाऱ्या गाडीला ७००० ची ताकद देऊन करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. हा उद्योग ट्रॅकपुरताच बरा.

डब्याचं काम गच्चीवरच्या टाकीसारखं: एका नळानं पाणी ओढलं तरी दुसऱ्याची धार बारीक होऊ नये. इंजिनाच्या सीसीच्या एक ते दीडपट आकारमानापासून सुरुवात करतात; १२०० सीसीला दीड लिटर ठीक. फार मोठा केला तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी डबाच भरत बसतो. थ्रॉटल एका टोकाला असेल तर वेगात आलेली हवा पहिल्या नळ्या ओलांडून शेवटच्या भिंतीवर आदळते आणि वाटणी बिघडते. सगळ्या सिलिंडरना सारखंच पेट्रोल मिळत असेल, तर ज्याला हवा जास्त त्याचं मिश्रण पातळ होतं आणि तिथे नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोका. म्हणून डबा टोकाकडे निमुळता करतात.

नळीचं तोंड कर्ण्यासारखं गोलसर हवं. डब्याच्या भिंतीला लागून असलेल्या धारदार तोंडाचा लॉस गुणांक (आत शिरताना हवेचा दाब किती वाया जातो त्याचं माप) ०.५ च्या आसपास, चांगल्या गोलाईचा ०.०५ पेक्षाही कमी. आतून आरशासारखं पॉलिश मारण्यापेक्षा लेथवर ही गोलाई काढून घ्यावी.

थ्रॉटल बंद असताना आत-बाहेरच्या दाबात ६० किलोपास्कलचा फरक सहज पडतो. ३० बाय १० सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर हा भार १८० किलो! पातळ शीट आत-बाहेर धपापते आणि वेल्डिंगच्या कडेला चीर जाते. ३ मिलिमीटर जाडी, गोल आकार किंवा आतून पट्ट्या द्याव्यात. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्लँज (बोल्टनं जोडायची सपाट पट्टी) वाकतोच, म्हणून त्याचं फेसिंग (तोंड सपाट करणं) शेवटी. मग बर (कापलेल्या कडेचे बारीक काटे) आणि कीस पूर्ण धुऊन काढायचा.

ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या भागाच्या) पाइपाचं कनेक्शन ड्रॉइंगमध्येच दाखवा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट. ते राहिलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि ब्रेक पेडल दगडासारखं होतं.