आल्पाइन ब्लू की ग्लँडन ब्लू? पंख मिटेपर्यंत थांबावे

आल्प्स पर्वतात जुलै-ऑगस्टमध्ये, वृक्षरेषेच्या वर, पायवाटेवरच्या ओल्या मातीतले क्षार शोषत बसलेल्या लहान निळ्या फुलपाखरांच्या घोळक्यात आल्पाइन ब्लू आणि ग्लँडन ब्लू शेजारी शेजारी आढळू शकतात. पहिल्याचे शास्त्रीय नाव अग्रियाडिस ऑर्बिट्युलस, दुसऱ्याचे अग्रियाडिस ग्लँडन. दोघांचेही मूळ वर्णन कीटक-अभ्यासक द प्रुनर यांनी १७९८ मध्येच केले. म्हणजे या दोघांच्या ओळखीतला गोंधळ मिटवण्याचा प्रयत्न सव्वादोनशे वर्षांचा आहे.

ताजे नर उन्हात पंख पसरून बसले असतील तर काम सोपे असते. आल्पाइन ब्लूचा निळा रंग स्वच्छ, चमकदार आकाशी असून पंखाची गडद किनार बारीक असते. ग्लँडन ब्लू मात्र चंदेरी-राखाडी, किंचित हिरवट झाक असलेला असतो आणि त्याच्या कडेचा धुरकट तपकिरी पट्टा चांगलाच रुंद असतो. तरीही केवळ या निळाईवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. हा रंग मुख्यतः खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून निर्माण होत असल्यामुळे पाहण्याचा कोन बदलला की छटा बदलते, आणि खवले झडलेला जुना नर कोणत्याच वर्णनात बसत नाही. माद्या तर दोन्ही जातींत तपकिरीच असतात.

म्हणून ढग येऊन फुलपाखराने पंख मिटण्याची वाट पाहावी. खरा फरक मागच्या पंखाच्या खालच्या बाजूस आहे: आल्पाइन ब्लूच्या राखाडी-तपकिरी पंखावर मोठे, कोरे पांढरे ठिपके दिसतात, तर ग्लँडन ब्लूच्या पांढऱ्या ठिपक्यांपैकी काहींच्या, विशेषतः पंखाच्या बुडाकडील ठिपक्यांच्या, मध्यभागी काळा टिंब असतो. छायाचित्र एकच मिळणार असेल, तर ते याच बाजूचे घ्यावे.

अधिवासाची मदत होते, पण ती खाद्यवनस्पतीपर्यंत गेल्यावरच. निव्वळ उंची पाहून काही ठरत नाही, कारण दोन्ही जाती २,००० मीटरच्या वर उडतात. आल्पाइन ब्लूची अळी शेंगवर्गीय अॅस्ट्रागॅलसवर वाढते, त्यामुळे तो फुलांनी भरलेल्या गवताळ उतारांवर राहतो. ग्लँडन ब्लूची अळी प्रिम्युलाच्या कुळातील अँड्रोसेस आणि सोल्डानेला यांवर जगत असल्याने तो आखूड गवताच्या खडकाळ जागीही भेटतो. मात्र ओल्या मातीवर उतरलेल्या नराला हे लागू होत नाही, कारण तो आपला उतार सोडून आलेला असू शकतो. अंडी घालण्यासाठी एखाद्या रोपावर उतरलेली मादी हाच अधिवासाचा भरवशाचा पुरावा असतो.