शेव्हर्ले ३५०: अकराच्या कॉम्प्रेशनचा दबदबा आला कुठून?

शेव्हर्ले ३५० म्हणजे ३५० घनइंचांचं (५.७ लिटर) व्ही-८ इंजिन. त्याचं काम काढलं की पिस्टनवरून वाद ठरलेला, आणि त्यात ११:१ कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अकरा पटीने दाबण्याचं, नाव आदराने निघतं. त्या आदराचं मूळ १९७० ते १९७२ या तीन वर्षांत आहे.

कॉम्प्रेशन वाढवलं की नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकणं, वाढतं. पेट्रोलमधल्या शिशाच्या संयुगाने ते दबतं हे १९२१ मध्येच कळलं होतं, म्हणून पुढे कॉम्प्रेशन चढत गेलं. १९७० ची एलटी-१ म्हणजे ३५० चा सर्वांत तिखट अवतार: डोमवाले (माथ्यावर उंचवटा असलेले) पिस्टन, ११:१, कंपनीच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारमध्ये ३७० हॉर्सपॉवर. अनलेडेड (बिनशिशाचं), कमी ऑक्टेनचं म्हणजे नॉकिंग कमी रोखणारं पेट्रोल चालावं म्हणून १९७१ मध्ये कंपनीने कॉम्प्रेशन ९:१ वर आणलं आणि ताकद ३३० झाली. १९७२ मध्ये २५५.

हे तिन्ही आकडे एका रांगेत मांडून सगळं खापर कॉम्प्रेशनवर फोडलं जातं. ते पटण्यासारखं नाही. १९७२ मध्येही कॉम्प्रेशन ९:१ च होतं, बदलली ती मोजायची रीत. २५५ हा एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर लावून मोजलेला नेट आकडा; आधीचे दोन्ही ग्रॉस, म्हणजे यातलं काही न लावता मोजलेले. आणि पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या (ऑटो सायकल) गणितात ९ वरून ११ वर गेलं तरी कार्यक्षमता जेमतेम साडेपाच टक्के वाढते.

नंतरचा गोंधळ रिपेअरच्या स्वस्त पिस्टननी घातला. ब्लॉकचा माथा घासला जाणार हे धरून त्यातले बरेच मूळ मापापेक्षा अर्धा मिमी बुटके केलेले असतात. ब्लॉक न घासता ते बसवले, तर पिस्टन काठाच्या एक मिमीहून थोडा जास्तच खाली राहतो, वर ब्लॉक आणि हेड (सिलिंडरचं झाकण) यांच्यामधलं मिमीभर गॅस्केट. म्हणजे हेडपर्यंतची फट दोन मिमीच्या पुढे. ती एक मिमीच्या आसपास असेल तरच मिश्रण पिळलं जाऊन स्पार्क प्लगकडे उसळतं आणि झपाट्याने जळतं. फट वाढली की कॉम्प्रेशन उतरतं, वर इंजिन नॉकही सहज होतं. ही तूट भरायला मग उंच डोम घालतात, जो ज्वालेच्याच वाटेत उभा राहतो. जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन कमी करणं हाही त्याच जातीचा उपाय, कारण त्यानेही फट वाढते. कमीच करायचं तर डिशवाला (माथ्यावर खोलगट) पिस्टन घ्यावा, पण कडेचा सपाट भाग शाबूत ठेवून.

१९९७ च्या कॉर्व्हेटमधल्या ५.७ लिटर एलएस१ ने सपाट पिस्टन, अॅल्युमिनियम हेड आणि १०.१:१ वर ३४५ हॉर्सपॉवर दिली, तीही नेट.