लॅपटॉप स्लो झालाय? नवीन घ्यायच्या आधी एकदा हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून दुकानात रोज कोणी ना कोणी तोच प्रश्न घेऊन येतं. स्क्रीनवर मेसेज येतोय, आता लॅपटॉप बंद पडणार का, नवीनच घ्यावा लागेल का, आणि बजेट तर वीस-पंचवीस हजाराच्या वर नाहीये. काउंटरवर उभ्याउभ्या सगळं नीट सांगणं होत नाही, मागे तीन जण थांबलेले असतात, म्हणून हे लिहून काढलंय. घरी न्या, सावकाश वाचा, मग ठरवा.

लॅपटॉप बंद पडत नाही. सपोर्ट संपला म्हणजे सिक्युरिटीचे अपडेट यायचे थांबले. पण चालतंय ना म्हणून सोडूनही देऊ नका कारण त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेटची सोय आहे, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की वेगळे पैसे न भरता मिळते, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच तिची लिंक दिसते. नाही जमलं तर मशीन घेऊन या, लावून देतो.

आता तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालेल का, तर "धिस पीसी" वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलचा असेल तर आय-३, आय-५ च्या पुढे जो आकडा असतो त्यात खरी माहिती असते. ७२००यू म्हणजे सातवी जनरेशन, ८२५०यू म्हणजे आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. आठवी किंवा त्यापुढची असेल तर सहसा विंडोज ११ चालतं, सातवी आणि त्याआधीची असेल तर एखाद-दुसरा अपवाद सोडला तर अधिकृतपणे चालत नाही. रायझनचं, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचं, नंबरिंग जरा गोंधळाचं आहे, त्याचा फोटो काढून आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. जुगाड करून जुन्या मशीनवर ११ टाकून देणारे भेटतात पण पुढचे मोठे अपडेट येतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आम्ही तरी गिऱ्हाइकाच्या कामाच्या मशीनवर तसं करत नाही.

स्लो का होतो हा वेगळा प्रश्न आहे आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात. टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा, लॅपटॉप चालू केल्यावर दहा मिनिटं झाली तरी डिस्कच्या खाली १०० टक्के दिसत असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि हार्ड डिस्क त्याला डेटा पुरवू शकत नाहीये. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमधली साधारण मिनिटाला ५४०० वेळा, आणि प्रत्येक फाइल शोधायला आतला हात जागेवर न्यावा लागतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली लागतात. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, म्हणून जो लॅपटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेत होता तो अर्ध्या-पाऊण मिनिटात उभा राहतो. काम तासा-दीड तासाचं असतं, जुना डेटा, प्रोग्राम, डेस्कटॉपवरचे फोटो सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर क्लोन करता येतं, फक्त जुनी डिस्क धडधाकट पाहिजे. बंद पडत आली असेल, टकटक आवाज येत असेल तर आधी डेटा काढून घेऊ, बाकीचं नंतर.

पेठेतल्या एक ताई आहेत, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांचं डीटीपी करतात. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम, सहाव्या जनरेशनचा आय-५, चार जीबी रॅम. नवीन घ्यायचा म्हणून पैसे घेऊनच आल्या होत्या. आम्ही एसएसडी टाकली, रॅम आठ केली, जादा अपडेट चालू करून दिले, आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा म्हटलं, कारण २०२६ च्या ऑक्टोबरनंतर मशीन बदलावंच लागेल पण ते घाईत नको. रॅमचं मात्र एक आहे, २०२५ च्या शेवटापासून भाव बरेच चढलेत, म्हणून फोनवर सांगितलेला दर त्या दिवसापुरता धरा.

जुन्यावर खर्च करू नका असं आम्ही स्वतःहून कधी सांगतो? बिजागरी तुटून बॉडीचे स्क्रू उपटलेत, मदरबोर्ड एकदा रिपेअर होऊन परत बिघडलाय, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी, आणि तीही चार जीबी, किंवा सगळा खर्च मिळून त्याच कामाच्या रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या पण दुरुस्त करून विकलेल्या, लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर जातोय, तेव्हा. टचपॅड वर आलाय किंवा खालचं झाकण फुगलंय तर बॅटरी फुगलीये, ते मशीन चार्जिंगला लावू नका, बंद करून आणा, आजच.

मग घ्यायचाच झाला तर पंचवीस हजारात काय घ्यायचं. नवा कोरा, डब्बा सीलबंद, एक वर्षाची वॉरंटी, हे ऐकायला छान वाटतं आणि मुलाच्या कॉलेजसाठी घ्यायचं म्हटलं की आईवडिलांना नवंच द्यावंसं वाटतं, ते आम्हाला पूर्ण समजतं. पण या किमतीत नव्यामध्ये बऱ्याचदा सेलेरॉन हा इंटेलचा हलका प्रोसेसर मिळतो, चार जीबी किंवा जेमतेम आठ जीबी रॅम तीही सोल्डर, आणि स्टोरेज म्हणून ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी, जी बोर्डला चिकटलेली असते आणि बदलता येत नाही. सेलेरॉन एन४०२० मध्ये दोन कोर, म्हणजे काम करणारे दोन हात, असतात. २०१७ साली आलेल्या आय-५ ८२५०यू मध्ये चार कोर, आणि ते एका वेळी आठ कामं (थ्रेड) हाताळतात. म्हणजे पाच-सात वर्षं वापरलेला ऑफिसचा लॅपटॉप या नव्याच्या पुढे आरामात जातो, एका बाजूला झूम, दुसऱ्या बाजूला ब्राउझरचे पंधरा टॅब असं झालं की फरक लगेच कळतो.

म्हणून आम्ही कंपन्यांमधून उतरलेले बिझनेस सीरिजचे लॅपटॉप सुचवतो, थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ या रांगेतले. तिन्हीत रॅमचे दोन स्लॉट, एसएसडी बदलता येते, कीबोर्ड चांगला, पार्ट मिळतात. टी४८० ची मागची बॅटरी तर मशीन न उघडता निघते. नावात फक्त एक "एस" जास्त असेल, टी४८०एस, तर त्यात काही रॅम सोल्डर असते, विकणारा हे सांगेलच असं नाही.

कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड आहे का, कारण असेल तर तो काढणं फार कटकटीचं असतं. विंडोज समोर रीसेट करायला लावा आणि नेट जोडून सेटअप पूर्ण होऊ द्या, मधेच एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या सिस्टिममध्ये नोंदलेलं आहे, घेऊ नका. स्क्रीन १९२०×१०८० पाहिजे, १३६६×७६८ वर दिवसभर अभ्यास करून डोळे दुखतात, एमपीएससीची मुलं हे नेहमी सांगतात. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये "powercfg /batteryreport" टाइप करून बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारीशेजारी दिसते, निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे कमी करून मागा. प्रत्येक की दाबून बघा, प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घालून बघा. आणि सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या.

ज्यांचं काम फक्त मेल, यूट्यूब, पत्र टाइप करणं एवढंच आहे त्यांच्या सातव्या किंवा त्याआधीच्या जनरेशनच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट छान चालतं, फुकट आहे, युनिकोड मराठी टायपिंगही होतं. पण टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागत असेल तर आधी आमच्याशी बोला, त्या लोकांना आम्ही लिनक्स देत नाही.

दुरुस्तीला आणताना चार्जर आणा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, मदरबोर्ड बदलल्यावर किंवा बायोसमध्ये काही बदललं तर मशीन ती मागू शकतं आणि ती नसेल तर तुमचे फोटो आम्हालाही उघडता येत नाहीत. जुनी हार्ड डिस्क काढली की ती तुमच्या हातात परत देतो, मागून घ्या, त्यात तुमचं आधार, पॅन, सगळं असतं. ती बाहेरच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येते. मेलेला लॅपटॉप आणि विशेषतः बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली की पेट घेते, आमच्याकडे आणून द्या, आम्ही ती नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे देतो, पैसे लागत नाहीत.

तपासणीचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद.