फ्रेट गोंदावर टिकतो का?

‘गिटारचा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) जागेवरून वर उचलला गेला की फटीत सुपरग्लू सोडा, काम झालं’, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. प्रत्यक्षात फ्रेटला धरून ठेवते ती मानेच्या लाकडातली खाच. फ्रेटच्या खालच्या पात्यावर बारीक दाते असतात, साधारण ०.६ मिमी रुंदीच्या खाचेत ते लाकडात रुततात. गोंदाची फक्त मदत होते. उचललेल्या अवस्थेतच गोंद सोडला, तर फ्रेट तसाच उंच चिकटतो आणि तार झणझणते.

तपासायला फ्रेटचं टोक लाकडी काडीने दाबा. खाली जाऊन परत वर आलं, तर तो सैल आहे. असा फ्रेट आधी पूर्ण खाली बसवून क्लँपने धरावा, मगच पातळ गोंदाचा थेंब सोडावा. खाचच रुंदावली असेल, तर मात्र रुंद दात्यांचा फ्रेट हवा; नुसता पातळ गोंद तिथे फार काळ पुरत नाही.