पक्षाघाताची संगणकसाहाय्यित ओळख

तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये पक्षाघाताच्या खुणा आपोआप शोधून संबंधित डॉक्टरांना सावध करण्याची पद्धत. स्ट्रोक, अर्धांगवायू, लकवा अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या विकारात ‘संगणक निदान करतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. बहुतेक प्रणालींना मान्यता मिळाली आहे ती रांगेतला कोणता स्कॅन आधी पाहावा हे सुचवण्यापुरती.

घाई कशाची, हे आधी पाहायला हवे. सुमारे ८५ टक्के पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतात, बाकीचे रक्तवाहिनी फुटून. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात लुळा पडणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव असलेल्या रुग्णाला दिले तर जिवावर बेतते, म्हणून आधी सीटी स्कॅन. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार मोठी रक्तवाहिनी अडली असता उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचार २०१५ मधील चाचण्यांनंतर रूढ झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ व ‘डिफ्यूज-३’ या चाचण्यांनी निवडक रुग्णांसाठी त्याची मुदत अनुक्रमे २४ व १६ तासांपर्यंत वाढवली. या दोन्ही चाचण्यांत मेंदूचा किती भाग मेला आहे हे संगणकप्रणालीनेच मोजले होते. आजच्या प्रणालींचा प्रसार तिथून झपाट्याने झाला.

अडचण अशी की गुठळीचा पक्षाघात पहिल्या काही तासांत साध्या सीटीवर जेमतेम दिसतो. सीटीवर घनता मोजण्याची पट्टी सीटी यंत्राचे जनक गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या नावाची आहे. त्यांच्या यंत्रावर रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन १९७१ मध्ये लंडनमध्ये झाला. या पट्टीवर पाणी शून्यावर, मेंदूतला पांढरा भाग पंचविशीच्या आसपास, करडा भाग चाळिशीच्या जवळ आणि साकळलेले ताजे रक्त ५० ते ७० च्या घरात किंवा वर असते. रक्त त्यामुळे पांढरे उठून दिसते. उलट रक्तपुरवठा तुटलेल्या भागात पाण्याचे प्रमाण १ टक्क्याने वाढले, तर घनता जेमतेम अडीच एककांनी उतरते. एवढा फरक नेहमीच्या चित्रात डोळ्यांना कळत नाही. रेडिओलॉजिस्ट मग करड्या छटांचा पट्टा आवळून चित्र मुद्दाम भडक करतात आणि ठरावीक जागा धुंडाळतात: कानशिलामागच्या घडीतली करडी किनार पुसट झाली आहे का, खोलवरच्या करड्या गाठींची कड हरवली आहे का, मधल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या जागी पांढरी दोरी दिसते आहे का. कॅनडातल्या कॅल्गरी येथील गटाने २००० मध्ये यासाठी १० गुणांची पद्धत सुचवली. या रक्तवाहिनीच्या क्षेत्राचे दहा भाग पाडायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागामागे एक गुण वजा करायचा. सोपी वाटणारी ही मोजणी दोन अनुभवी डॉक्टरांची हमखास जुळेलच असे नाही. दोन्ही अर्धगोलांची घनता बिंदूगणिक ताडून पाहणारा संगणक इथे उपयोगी पडतो, कारण त्याचे मोजमाप तरी दर वेळी सारखे येते.

रक्तस्राव शोधण्याचे काम मुख्यतः चेताजालांकडे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालींकडे असते. हजारो स्कॅन दाखवून त्यांना शिकवले जाते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका अभ्यासासाठी भारतातील सुमारे २० केंद्रांमधून ३ लाख १३ हजारांहून अधिक स्कॅन जमवले होते. पडताळणीच्या ४९१ स्कॅनचा संच सर्वांना खुला केला गेला. त्यातला प्रत्येक स्कॅन तीन रेडिओलॉजिस्टनी वाचला आणि बहुमत प्रमाण मानले. उत्तर बहुमताने ठरवावे लागते, यावरून परीक्षा किती अवघड आहे ते कळावे. गुठळी शोधायला रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेला स्कॅन लागतो. त्यात प्रणाली वाहिनीचा माग काढते आणि ती मध्येच तुटली की खूण करते. तिसरा प्रकार रक्तप्रवाह मोजण्याचा. रक्तप्रवाह निरोगी भागाच्या ३० टक्क्यांखाली गेलेला भाग मेल्यात जमा, आणि जिथे रंगद्रव्य पोहोचायला सहा सेकंदांहून जास्त उशीर होतो तो धोक्यातला. दोन्हींतला फरक म्हणजे वाचवता येण्याजोगा मेंदू. हे गणित चेताजालांच्या लाटेआधीचे आहे, पण जाहिरातीत सगळेच ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावाखाली खपते.

प्रत्यक्षात स्कॅन संपताच त्याची प्रत सर्व्हरवर जाते, काही मिनिटांत विश्लेषण होते, संशयित स्कॅन यादीत वर चढतो आणि मेंदूविकारतज्ज्ञाच्या मोबाइलवर सूचना वाजते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या गुठळीसूचक प्रणालीला फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली. ह्यूस्टनमधील चार रुग्णालयांत यादृच्छिक पद्धतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्ण दारात आल्यापासून गुठळी काढण्याची क्रिया सुरू होईपर्यंतचा वेळ सुमारे ११ मिनिटांनी घटला. ही अकरा मिनिटे मुख्यतः निरोप लवकर पोहोचल्याची आहेत, असे मानायला जागा आहे. फोन करून तज्ज्ञाला गाठणे, स्कॅन पाठवणे, उत्तराची वाट पाहणे यात वेळ कसा जातो हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारावे.

फसगतीच्या जागा ठरलेल्या आहेत. वयानुसार मेंदूत साचणारा कॅल्शियम रक्तासारखाच पांढरा दिसतो. रुग्ण हलला की खोटे पट्टे उमटतात. कवटीच्या तळाशी जाड हाडामुळे चित्र मळकट होते, म्हणून लहान मेंदू आणि मेंदूखोडाचे पक्षाघात निसटतात. लांबच्या बारीक फांद्यांतली गुठळीही हुकते. शिवाय आकड्यांचा एक सापळा आहे. समजा, प्रणाली ९५ टक्के रुग्ण अचूक पकडते आणि ९५ टक्के निरोगी अचूक सोडते. हजार स्कॅनपैकी ५० जणांनाच रक्तस्राव असेल, तर ती सुमारे ४८ खऱ्या सूचना देईल आणि तितक्याच खोट्या. म्हणजे दर दुसरी घंटा फोल, आणि फोल घंटांची सवय झाली की खरी घंटाही कुणी ऐकत नाही.

उलट बाजूचा धोका अधिक गंभीर आहे. सूचना आली नाही म्हणजे गुठळी नाही, असा अर्थ लावला जातो. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या याच अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना पत्र पाठवून बजावले की गुठळीसूचक प्रणाली निदानासाठी नाहीत, त्या सर्वच रक्तवाहिन्या तपासत असतील असे नाही आणि खूण नसतानाही गुठळी असू शकते. कोणती वाहिनी आपली प्रणाली पाहते आणि कोणती नाही, हे वापरणाऱ्याला ठाऊक असावे लागते. स्कॅन यंत्र बदलले किंवा स्कॅनमधल्या कापांची (मेंदूच्या एकेका छेदचित्राची) जाडी कमीजास्त झाली, तरी प्रणालीची अचूकता बदलू शकते. त्यामुळे वापर सुरू करण्यापूर्वी त्याच रुग्णालयाच्या जुन्या स्कॅनवर ती चालवून पाहतात आणि नंतरही वेळोवेळी हुकलेले स्कॅन काढून तपासतात.