पाण्याची गाठ खरी, पण पाणी कसलं?

चेकअपच्या सोनोग्राफीत शेवटच्या ओळीत निघतं : स्वादुपिंडात २ सेंमीची सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ. पोटात दुखत नाही, भूक नीट आहे, तरी घरात त्याच संध्याकाळी कॅन्सरची चर्चा सुरू होते. अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. शिवाय स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं. आतड्यातला गॅस आड आला की त्याचं शेपूट सोनोग्राफीत दिसतच नाही. म्हणून पुढची पायरी एमआरआय-एमआरसीपी, म्हणजे स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नलिका दाखवणारा एमआरआय. गाठ स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेला जोडलेली आहे का, हे त्यात कळतं.

तरीही उलगडा झाला नाही, तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी. जठरातूनच बारीक सुई घालून गाठीतलं पाणी काढतात. एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब करायची. सेंटिमीटरभर तार निघून क्षणभर टिकली, तर आत चिकट म्यूसिन आहे. ही गाठ पुढे बिघडू शकते. पाण्यातली साखर डेसिलिटरला ५० मिग्रॅपेक्षा कमी निघाली किंवा सीईए हे प्रथिन मिलीलिटरला १९२ नॅनोग्रॅमच्या वर गेलं, तरी इशारा तोच. साखरेची तपासणी स्वस्त आणि आमच्या मते जास्त भरवशाची. अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य लिटरला २५० युनिटच्या खाली असेल, तर स्यूडोसिस्टची, म्हणजे स्वादुपिंडाचा रस साचून झालेल्या खोट्या गाठीची, शक्यता जवळपास संपते. मुंबईत क्षयही विसरून चालत नाही : पाणी पुवासारखं आणि शेजारी लसीका ग्रंथी सुजलेल्या असतील, तर जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या तपासणीला नमुना द्यावा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे म्यूसिनच्या गाठीला स्यूडोसिस्ट समजून तिचा निचरा जठरात करून देणं. स्यूडोसिस्ट स्वादुपिंडाच्या सुजेनंतर किंवा मार लागल्यावर होते. तसं काही घडलेलंच नसेल, तर त्या निदानावर शंका घ्यावी.

मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी सीरस (पातळ पाण्याची) गाठ त्रास देत नसेल, तर तिला हात लावत नाहीत. तरुण मुलींमध्ये आढळणारी दुर्मिळ सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ मात्र काढतातच. बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. नलिकेशी जोडलेल्या गाठीत काविळ, ५ मिमी किंवा मोठी रक्तपुरवठा असलेली गुठळी, मुख्य नलिका १० मिमी किंवा जास्त फुगलेली, यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. शेपटाकडच्या ऑपरेशनमध्ये प्लीहा जाणार असेल, तर न्यूमोकोकस, मेनिंजोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी निदान दोन आठवडे आधी घ्याव्यात. ऑपरेशननंतरची मोठी अडचण म्हणजे स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून गळणारा रस. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या नळीतल्या पाण्यातलं) अमायलेज त्यासाठीच मोजतात.

बाकीच्यांना फक्त नजर ठेवायची असते. वर्षाला २.५ मिमीची वाढसुद्धा दखल घेण्यासारखी. ती नुसत्या कागदी रिपोर्टवरून मोजता येत नाही, जुन्या एमआरआयची सीडी जवळ लागते.