अल्कोबासा येथील शिल्पमंडित थडगी

पोर्तुगालमधील अल्कोबासा येथे ११५३ साली स्थापन झालेल्या सिस्टर्शियन (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) मठाच्या चर्चमध्ये राजा पेद्रो पहिला (कारकीर्द १३५७–१३६७) आणि इनेस द कास्त्रो यांची चुनखडीच्या दगडात कोरलेली थडगी आहेत. मध्ययुगीन यूरोपात चर्चच्या आत दफन होणे हा राजे, उमराव व धर्माधिकारी यांचा मान समजला जाई. थडग्यावर मृताची आडवी प्रतिमा घडवत, ती पाहून येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, हा त्यामागचा मुख्य हेतू असे.

इनेस ही पेद्रोच्या पत्नीची गॅलिशियन (वायव्य स्पेनमधील गॅलिशियाची) सखी होती. पेद्रोशी जडलेल्या संबंधांमुळे त्याचा पिता अफोन्सो चौथा याच्या आज्ञेवरून १३५५ मध्ये कोइंब्रा येथे तिची हत्या झाली. राजा झाल्यावर पेद्रोने तिच्याशी आपला गुप्त विवाह झाला होता असे जाहीर केले आणि तिचे अवशेष अल्कोबासाला आणवले. तिच्या मृतदेहाला सिंहासनावर बसवल्याची कथा उत्तरकालीन आहे. पेद्रोचा दावा खरा मांडला तो दगडाने, कारण हयातीत राणी न झालेल्या इनेसच्या प्रतिमेच्या मस्तकावर मुकुट आहे. सहा देवदूत तिला सावरून धरतात. तिचा एक हात गळ्यातील माळेला लागलेला आहे, तर दुसऱ्यात हातमोजा आहे. हा मोजा एखाद्या खऱ्या स्त्रीने सहज धरावा तसा धरलेला आहे, आणि शिल्पकाराचे नाव ठाऊक नसले तरी त्याची नजर येथे ओळखू येते.

तिची शवपेटी मानवी तोंडाच्या पशूंवर, तर पेद्रोची सिंहांवर पेललेली आहे. तिच्या पायथ्याशी अंतिम न्यायाचे दृश्य असून त्यात पुण्यवान वर चढतात आणि पापी राक्षसी जबड्यात कोसळतात. पेद्रोच्या शवपेटीच्या बाजूंवर येशूचा शिष्य संत बार्थोलोम्यू याचे चरित्र आहे. त्याच्या उशाशी असलेल्या चक्रात जीवन व दैव यांचे फेरे कोरले असून, त्यांपैकी काही दृश्यांत या दोघांचा सहवास व इनेसचा अंत दिसतो, असे अभ्यासक मानतात. दोन्ही थडगी आज पायांकडून एकमेकांसमोर आहेत. पुनरुत्थानाच्या दिवशी उठताच दोघांची दृष्टभेट व्हावी म्हणून ही रचना, असे परंपरा सांगते.

नेपोलियनच्या सैनिकांनी १८१०–११ च्या सुमारास धनाच्या शोधात थडगी फोडली. त्यात अनेक लहान आकृतींची डोकी व हात गेले. इनेसच्या मस्तकावरील मुकुट मात्र आजही स्पष्ट दिसतो.